सुतकातलं करंजेल

सगुणाच्या उजव्या हाताला दोन बोटं कमी होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं. मधलं बोट उरलं होतं, पण ते वाकून तळव्याकडे वळलेलं. त्याच हाताने ती रोज तिन्हीसांजेला आम्हा भावंडांना एकेक करून धरायची आणि करंजेल चोपडायची.

करंजेल म्हणजे करंजाच्या बियांचं तेल. कडूजहर, दाट, काळपट. बैलाच्या खांद्याला जखम झाली की लावायचं, रॉकेल नसेल तर दिव्यात घालायचं. त्याचा वास ज्यांनी घेतलेला नाही त्यांना तो लिहून कळवता येणार नाही, आणि ज्यांनी घेतला आहे त्यांना सांगायची गरज नाही. शाळेत माझ्या शेजारी बसायला मुली तयार नसत. एकदा मी तिच्या हातातून निसटून न्हाणीघरात शिरले आणि आतून कडी घातली. तिने खांद्याने धक्का देऊन कोयंडाच उपटला, शेपट्याला धरून मला बाहेर ओढलं, पाठीत गुद्दा घातला, आणि मग मानेपासून घोट्यापर्यंत नीट तेल लावलं. आई समोर बसून पडवळ चिरत होती. ती मान वर करून एवढंच म्हणाली, "कानामागे राहिलं बघ."

आमच्या घरात सगुणाला मुलांना मारायची मुभा होती. ती तिला कशी मिळाली ते सांगते.

घरात राबलेल्या बाईबद्दल लिहायला बसलं की लोकांची लेखणी लगेच ओली होते. ती माउली होती, तिचा हात मऊ होता, वगैरे. सगुणा माउली नव्हती. तोंडाने फाटकी आणि हाताने त्याहून. मांजराला लाथ, कोंबडीला दगड, नवऱ्याला शिवी. आणि डासामुळे ताप येतो हे तिला ठाऊक होतं असंही कुणी समजू नये. तिचं म्हणणं असं की चावलं की खाजतं, खाजवलं की कातडी फुटते, आणि फुटलेल्या कातडीतून थंडी आत शिरते. पुढे कॉलेजात मी डासाची मादी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तिची सोंड कागदावर काढली. सगुणाचं कारण चुकीचं होतं आणि काम बरोबर होतं. जगात बरंच काही असंच चालतं.

तिचं माहेर दाभोळच्या खाडीकडचं. तिथे संध्याकाळी कांदळाच्या झाडीतून डासांचे ढग उठतात, आणि किनाऱ्याला उंडीची झाडं पुष्कळ, म्हणून बाया उंडीचं तेल अंगाला लावूनच दिवा लावतात. त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. लग्न होऊन ती आली ती देवरूखच्या वर, डोंगराला टेकलेल्या शिरवणकोंडात. कोंड म्हणजे एका भावकीची वाडी. सगळ्यांचं आडनाव एक, देव एक आणि सुतकही एक. हे शेवटचं ध्यानात ठेवा.

डोंगरात उंडी नाही. मग सगुणाने पहिल्याच उन्हाळ्यात करंजाच्या शेंगा वेचल्या, बिया भाजल्या, वायनात घालून मुसळाने कांडल्या. वायन म्हणजे अंगणात पुरलेलं दगडी उखळ. तो चोथा मडक्यात पाणी घालून उकळला, वर आलेलं तेल पळीने काढून घेतलं आणि संध्याकाळी अंगाला फासलं. नवरा केरू मुंबईला गिरणीत होता. तो गणपतीला घरी आला आणि पहिल्याच रात्री घोंगडी उचलून पडवीत निजायला गेला. त्याच्या आईने विचारलं तर म्हणाला, बायको केलीव का बैल? सासूने रवी घेऊन सगुणाच्या पाठीवर वळ उठवले. दुसऱ्या दिवशी सगुणाने ती रवी चुलीत घातली.

पावसाळा सरता सरता कोंडात ताप आला. तो दरवर्षीच यायचा. पऱ्याचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी निवळलं, भात पोटरीला आलं की घराघरात माणसं घोंगड्यांच्या ढिगाखाली थडथडायला लागायची. पोरांच्या पोटात पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढायची, हातपाय काटक्या आणि पोट मडकं. त्या वर्षी सगळं घर आडवं झालं आणि सगुणा उभी राहिली. सासू मारकुटी होती, आंधळी नव्हती. दुसऱ्या वर्षी तिनेच संध्याकाळी पाय पुढे केले आणि लाव म्हणाली, फक्त नाकाजवळ नको.

मग हळूहळू कोंडातली सगळी घरं करंजेल लावायला लागली. खुशीने नव्हे. पोरं वासाला भिऊन आंब्यावर चढून बसत आणि सगुणा खालून ढेकळं मारी. एकदा एकाला तिने पायाला धरून फांदीवरून खाली ओढलं, त्याचा हात मोडला, आणि मोडका हात सोडून बाकी अंगाला तिने तेल लावलं. त्या पोराची आई भांडायला आली ती दारातच एक चापट खाऊन गेली. ताप अगदी गेला असं मी म्हणणार नाही. कमी झाला. पुरायची पोरं कमी झाली, हे मात्र कोंडातली माणसं स्वतःच सांगत.

आता ते वर्ष. एकोणीसशे अठ्ठावीसच्या आसपासचं. मी तेव्हा परकर नेसून हिंडत होते. भाद्रपद सरताना सगुणाची सासू भाताच्या मळीत बेणणी, म्हणजे तणकाढणी, करताना साप चावून मेली. तापाने नव्हे, सापाने. पण मयत ते मयत. सगळं कोंड सुतकात गेलं, आणि सुतकात अंगाला तेल लावायचं नाही. ते आपल्याकडे कुठेच लावत नाहीत. शिरवणकोंडात त्यावर आणखी एक समजूत होती की तेलाच्या वासावर मेलेलं माणूस घरी परततं, आणि येतं ते रिकाम्या हाताने जात नाही.

भावकीचा मोठा म्हणजे सगुणाचा थोरला दीर भागोजी. अंगाने आडदांड, मनाने भित्रा. देवाला भिणारा आणि मेलेल्यांना त्याहून. त्याने घराघरांतली करंजेलाची गाडगी माळ्यावर ठेवायला लावली. सगुणा वाद घालायला गेली. ती म्हणाली, हे शोभेचं तेल नव्हे, हे तापाचे दिवस आहेत. भागोजीने तिला दाराबाहेर लोटलं आणि म्हणाला, "धा दिवसांत कोन मरत नाय."

त्या दहा दिवसांतच डास भरपेट जेवले. सुतक फिटायच्या आत शेवटच्या घरातला म्हातारा तापाने गेला, म्हणजे सुतक पुन्हा पहिल्यापासून. तेही फिटलं नाही तोवर सगुणाचा थोरला मुलगा बाबू पडला. त्याचा ताप डोक्यात गेला. पोर डोळे फिरवून हातपाय झाडायला लागलं. सगुणा त्याच्या अंगावर बसून त्याला दाबून धरत होती, तरी त्याने डोकं भुईवर आपटून फोडून घेतलं, जीभ चावून तुकडा पाडला, आणि तसाच तिच्या मांड्यांखाली थंड झाला. नवरा मुंबईत. भागोजीनेच खड्डा खणला. तो खणताना रडत होता असं सखू सांगायची. सखू म्हणजे भागोजीची बायको, सगुणाची जाऊ. पण खड्डा बुजवून परत येताना भागोजीने सगुणाला बजावलं की आता सुतक तुझ्या स्वतःच्या पोराचं आहे, ते तरी नीट पाळ.

सगुणाजवळ आता एकच पोर उरली होती. काशी, पाचेक वर्षांची. संध्याकाळी तिच्या पिंढऱ्यांवर डास बसले की सगुणा हाताने मारी, आणि तळव्यावर रक्ताचे ठिपके बघत बसे. ते रक्त काशीचं की बाबूचं, असं तिला वाटायचं. हे तिने मला एकदाच सांगितलं, तेही रागाने, मी तेल लावून घेत नव्हते तेव्हा.

बैलाला सुतक नसतं. पावसाळाभर चिखलणीने बैलांचे खांदे सोललेले, त्यावर माश्या. त्यांना करंजेल लावायला भागोजीची ना नव्हती. तेवढ्यासाठी बिया कांडायला, तेल काढायला सगुणाला मोकळीक होती. तिने काय केलं, काशीला गोठ्यात निजवायला सुरुवात केली. पोरगी भावाच्या जागी निजायला भिते, असं घरात सांगितलं. संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना तेल लावायचं आणि उरल्या हाताने काशीला, अंधाऱ्या कोपऱ्यात, तिचं तोंड एका हाताने दाबून. स्वतःला मात्र थेंबही लावायचा नाही. वास येणारच, पण गोठ्याला बैलांचा येतोच. करंजेल लपवायला जगात दुसरी जागा नाही.

हे चाललं. काशी धडधाकट राहिली, आणि तेच डोळ्यांवर आलं. कोंडातली पोरं पटापट पडत होती, भागोजीचा रघू पडला, आणि ही पोर गोठ्याबाहेर लंगडी खेळत होती. भागोजीने गुरवाकरवी देवीला कळे लावले. म्हणजे देवीच्या अंगाला फुलांच्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारून कुठली आधी पडते ते बघायचं. डावी पडली. गुरव म्हणाला, सुतक कुणीतरी मोडलंय.

त्यानंतर भागोजीने जे केलं ते मला सखूने सांगितलं तेव्हा मी तिला दोनदा विचारून खात्री करून घेतली. तो घरोघर गेला आणि त्याने प्रत्येक बाईचं, प्रत्येक पोराचं डोकं हुंगलं. बाया पदर उतरवून रांगेने उभ्या. हा एवढा मोठा बाप्या वाकून एकेकीच्या भांगात नाक घालतोय, आणि कुणी हसत नाही. सगुणाचंही डोकं हुंगलं. कोरडं होतं. मग तो गोठ्याच्या दाराशी थांबला. बैल बाहेर चरायला गेलेले होते आणि आतून वास तसाच येत होता.

त्याने काशीला हाताला धरून उन्हात ओढलं. तिच्या नडग्या चकचकत होत्या.

भावकीतल्या दोघांनी तिला पऱ्यावर नेली. राख आणि नारळाच्या काथ्याने घासायला घेतली. करंजेलाचा वास असा घासून जात नाही. तो दिवस दिवस कातडीत राहतो. त्यांना वाटलं तेल अजून आहे. मग वाळू घेतली. पाठ, पोट, पाय. कातडी सोलून पाण्यात लाल रेघ जायला लागली तरी वास येतच होता आणि ते घासतच होते.

सगुणा घरामागच्या अंगणात वायनाशी बसून बिया कांडत होती. बाजूला तीन दगडांवर तेलाचं मडकं उकळत होतं. काशीची किंकाळी ऐकली आणि ती उठायला लागली तर समोर भागोजी. त्याने तिच्या हातातलं मुसळ हिसकून घेतलं, लाथ मारून तिला पाडलं. ती वायनाच्या काठाला धरून पुन्हा उठत होती. तो म्हणाला, माझा रघू आत मरतोय आणि तू आपली पोर चोपडून ठेवलीस. मग विचारलं, "कंच्या हातानं लावलास?"

दुसरी कुणी असती तर पाया पडली असती. सगुणाने वायनाच्या काठावरचा उजवा हात तसाच पसरला. "ह्या. आनि उद्या पन लावीन."

मुसळ तिथेच आलं. दगड आणि लाकूड यांच्यामध्ये दोन बोटं चेचून चपटी झाली, तिसऱ्याचं हाड फुटलं. त्याने दुसऱ्यांदा मुसळ उचललं तेवढ्यात तिने डाव्या हाताने उकळतं मडकं कडेला धरून उचललं आणि त्याच्या मांड्यांवर फेकलं. स्वतःचाही तळवा भाजला. भागोजी कोसळला तो धोतरासकट कातडी ओढत कोसळला. त्याचं ओरडणं पऱ्यापर्यंत गेलं आणि घासणारे हात थांबले. सगुणा तिथे पोचली, काशीला धरून ठेवलेल्या बाप्याच्या मनगटाला तिने असा चावा घेतला की त्याला हात सोडावाच लागला. पोर उचलली, खांद्यावर टाकली, आणि भर दुपारी जंगलवाटेने देवरूखला आमच्या दारात आली.

आमच्याच दारात का? तर माझी आई वासरांसाठी दरवर्षी तिच्याकडून करंजेल घेत असे. देवरूखात तिच्या ओळखीचं दुसरं दार नव्हतं. वडील, म्हणजे आमचे अण्णा, तिथे शाळेत मास्तर होते. मी ओट्यावर बसले होते. आधी वास आला, मग ती दिसली. हाताला पदर गुंडाळलेला, पदरातून थेंब गळताहेत, आणि खांद्यावर सोललेली पोर.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बोटं कापली. कापून होईपर्यंत सगुणा त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. परत आल्यावर आईने काशीच्या अंगाला लोणी लावायला घेतलं. सगुणाने करंजेल मागितलं. आई म्हणाली, उघड्या मांसावर ते लावशील तर पोर मरेल ओरडून. सगुणा म्हणाली, ओरडली तर जिवंत आहे. आणि आई वाटी देईना म्हणून तिने आईला धक्का मारला. आई भिंतीवर आपटली, कपाळाला टेंगूळ आलं.

माझ्या आईला त्या आधी कुणी बोट लावलं नव्हतं. अण्णांनी आवाज चढवला नव्हता. आई उठली, कपाळ चोळलं, फडताळातून करंजेलाची बरणी काढली आणि सगुणाच्या पुढ्यात ठेवली. मुभा मिळाली ती तिथे.

काशीला ताप आलाच. आधीच शिरला असणार. पण अण्णांकडे कोयनेल, हिवतापाचं कडू औषध, होतं, आणि सगुणाने ते तिच्या नाकाला चिमटा काढून, जबडा उघडून घशात घातलं. पोर तगली.

भावकीतले तिघे तिला न्यायला आले. शुद्ध करून घेऊ, नाहीतर वाळीत टाकू म्हणाले. अण्णांनी त्यांना शास्त्र समजावलं, की औषध म्हणून लावलेल्या तेलाचा सुतकात दोष नाही. त्यांनी हात जोडून सगळं ऐकलं आणि म्हणाले, ते तुमचं सुतक मास्तर, आमचं नव्हे. मग सगुणा डाव्या हातात कोयती घेऊन आतून आली, तेव्हा ते गेले. पुढे केरू मुंबईहून आला. बाबूसाठी रडला, मग घराण्याची अब्रू घालवलीस म्हणून बायकोला थोबाडीत मारली, तिने डाव्या हाताने तेवढीच जोरात परत दिली, आणि दोघं मागच्या पडवीत बसून जेवले. तो तिला चल म्हणाला नाही, ती येते म्हणाली नाही. तो परत गिरणीत गेला.

आश्विनात एक दिवस मागच्या दाराशी सखू उभी राहिली. कडेवर तिची धाकटी, विमला. ज्या माणसाने बोटं चेचली त्याची ही बायको. ती आत आली नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "माज्या पोरीला लाव."

सगुणा वाटपाचा पाटा धूत होती. तिने मान वर केली नाही. "सुतक हाय ना तुमचा?"

"हाय."

"कुनाचा?"

"रघूचा," सखू म्हणाली.

सगुणा उठली आणि तिने सखूच्या तोंडावर असा हात मारला की ओठ फुटून रक्त हनुवटीवर आलं. विमला रडायला लागली. सखू हलली नाही. रक्त पुसलं नाही. "आनि मार," ती म्हणाली, "पन लाव."

सगुणाने विमलाला तिच्या कडेवरून ओढून घेतलं, गुडघ्यांत दाबलं आणि लावायला सुरुवात केली. हाताची पट्टी अजून सुटली नव्हती. मधलं वाकडं बोट पोरीच्या पाठीवर वेगळीच एक रेघ ओढत होतं. लावता लावता तिने सखूला एकेका घराचं विचारलं. कोण पडलंय, कोण गेलंय. सखूने सांगितलं. घराघरांतल्या बाया चोरून लावायला तयार आहेत, पण भागोजीला वास येईल. तो भाजलेल्या मांड्या घेऊन पडवीत पडलेला आहे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला जवळ बोलावून हुंगतो. उठता येत नाही, पण नाक चालतं.

सगुणाने विमलाला सखूकडे परत दिलं. मग काशीला आईच्या मांडीवर ठेवून म्हणाली, जाऊन येते. अण्णा म्हणाले, तुला ठार मारतील, मी जाऊ देणार नाही. आईने फडताळातली मोठी बरणी काढून तिच्या काखेत दिली.

पुढचं सखूच्या तोंडचं. सगुणा ते कधी बोलली नाही.

दिवस मावळायच्या आत दोघी कोंडात पोचल्या. सगुणाला बघून भावकीतले बाप्ये काठ्या घेऊन धावले. सखूने आपल्या दारातलं मुसळ उचललं आणि पायरीवर आडवी उभी राहिली. म्हणाली, माझा एक पोर गेला, आता जो पुढे येईल त्याच्या टाळक्यात घालीन. एक पुढे आला, त्याच्या खांद्यात तिने खरंच घातलं. बाकीचे थबकले. तोवर सगुणा पडवीत शिरली होती.

भागोजी घोंगडीवर पडला होता. मांड्या पिकलेल्या, त्यांवर माश्या आणि डास. तिला पाहून त्याने भिंतीकडे सरकायचा प्रयत्न केला. तिने बरणी त्याच्या छातीवर कलंडवली. मग त्याच्या पोटावर गुडघा रोवला आणि लावायला घेतलं. छाती, मान, दंड, कानामागे, टाळू. तो तिच्या कमरेत बुक्क्या मारत होता, तिचे केस ओढत होता. सखू आत आली, तिने मुसळ टाकलं आणि नवऱ्याचे दोन्ही हात डोक्यावर धरून ठेवले. सगुणा मांड्यांवर आली. त्या पिकल्या जखमांवर तिने दोन बोटं कमी असल्यासारखं नव्हे तर दहा असल्यासारखं चोळलं. भागोजी बैलासारखा ओरडला. सगळं कोंड अंगणात उभं राहून ऐकत होतं. तो ओरडायचा थांबेपर्यंत ती थांबली नाही.

मग उठली. भागोजी डोक्यापासून तळव्यापर्यंत चकचकत होता आणि त्याच्या अंगाचा वास अंगणापलीकडे जात होता. त्याच्या स्वतःच्या पोराच्या सुतकात. ती दारात येऊन अंगणातल्या लोकांना म्हणाली, "आता ह्याला हुंगा."

ज्याने हुंगायचं तोच वास मारत होता. थोड्या वेळाने एक बाई पोराला घेऊन पुढे आली आणि सगुणाने त्याला बखोटीला धरलं. बरणीत तळाला जे उरलं होतं ते सरलं, मग माळ्यांवरची गाडगी खाली आली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती आमच्याकडे परत आली. एका डोळ्याभोवती काळंनिळं, केसांची एक बट मुळापासून उपटलेली. काशी निजलेली होती. सगुणाने आधी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, मग आईला विचारलं, काल हिला तेल कुणी लावलं? आई म्हणाली, मी. सगुणाने पांघरूण काढून पाहिलं आणि म्हणाली, "पायाच्या बोटांत लावला नाय."

त्यानंतरही कोंडात माणसं मेली. तेलाने सगळे वाचले असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. पण सुतक धरलं म्हणून तेल थांबलं असं तिथे पुन्हा झालं नाही. कुणी ठराव केला नाही, देवीला विचारलं नाही.

सगुणा कोंडात राहायला कधी गेली नाही. ती आमच्याकडेच राहिली. काशीचं लग्न आमच्या ओट्यावर झालं. आणि भागोजी? तो देवरूखच्या बाजाराला आला की आमच्या मागच्या पडवीत टेकायचा. मांड्यांची कातडी आकसून गुडघे पुरते सरळ होत नसत. सगुणा गाडगं घेऊन बाहेर यायची आणि तो मुकाट्याने पाय पुढे करायचा. ती त्याच्या नडगीवर बोटाच्या पेराने एक टोला हाणायची आणि म्हणायची, "सरळ कर."

त्याला ते करता येत नसे, हे तिला ठाऊक होतं. तो तरी करायचा प्रयत्न करी.